कठड्यावर वाळवलेल्या नळ्या

आमच्या चिंचणीत ओली झालेली वस्तू माणूस आधी उन्हात टाकतो, विचार नंतर करतो. बोंबील, जाळी, भिजलेलं रेशनकार्ड, काहीही. हे शिक्षण मला आईनं दिलं. तिनं जन्मभर बोंबील वाळवले. मी कोरोनाच्या साथीत तिच्याच घशाचा नमुना वाळवला.

माझं काम हमालीचंच. आरोग्य केंद्रात घेतलेले नमुने बर्फाच्या डब्यातून, मोटरसायकलवरून डहाणूच्या प्रयोगशाळेत पोचवायचे. त्या दिवशी डब्यात आईचीही नळी होती. ती घरी उशीला टेकून बसलेली. आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. तलासरीकडच्या रुग्णालयात ऑक्सिजनची एक खाट रिकामी होती, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह असल्याशिवाय त्या वॉर्डात घेत नव्हते. देवापुढे हात जोडून ‘आईला रोग निघू दे’ म्हणणारा मुलगा पाहिला नसेल, तर हा पाहून घ्या.

वाटेत डबा उघडला. बर्फाचं पाणी झालेलं, नळ्यांवरच्या नावाच्या पट्ट्या सुटत आलेल्या. पट्टी गेली तर नळी कुणाची? मी पडलो हुशार. पुलाच्या कठड्यावर भर उन्हात नळ्या ओळीनं मांडल्या, मधे एकदा उलटवल्यासुद्धा. पट्ट्या कडकडीत वाळल्या. स्वतःवर इतका खूश झालो की टपरीवर चहा घेतला, मग आणखी एक.

दुसऱ्या दिवशी सगळे निगेटिव्ह. आईही.

मी प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोन लावला. ‘‘मॅडम, तिला धाप लागलीय, वास येत नाही. निगेटिव्ह कशी?’’

‘‘नमुने गार होते ना?’’

‘‘मग! पट्ट्या तर मी उन्हात वाळवून आणल्या.’’



‘‘अहो, नळ्यांसकट? मशीन विषाणूचा अंश शोधतं. ऊन आणि उष्णता तोच मोडून टाकतात. रोग माणसात तसाच राहतो, नळीत मात्र सापडत नाही. हे रिपोर्ट धरू नका. सगळ्यांचे नमुने परत घ्या, आत्ताच.’’

नर्सबाईंना घेऊन दारोदार फिरलो. वाणगावच्या एका काकांनी नाकात काडी परत घालायची म्हटल्यावर चप्पल उचलली. बरोबरच होतं त्यांचं. आईनं निमूट तोंड उघडलं, ते जास्त लागलं. डबा बंदरावरच्या मासळीच्या बर्फानं गच्च भरला, वर ओलं गोणपाट बांधलं, आणि पुलावर थांबलो नाही.

सकाळी फोन आला, पॉझिटिव्ह. मी अंगणात अक्षरशः उडी मारली. दारात टेकलेल्या आईकडे लक्ष गेलं आणि मी मान खाली घालून तिची पिशवी भरायला घेतली.

रुग्णालयात पोचलो तर खाट आदल्या दिवशीच गेलेली. ‘‘कालपर्यंत रिकामी होती हो,’’ वॉर्डातली सिस्टर म्हणाली. काल. बाकावर बसवलं, सिलिंडर दोघांत एक, आळीपाळीनं. शेजारच्या आजोबांची पाळी संपेपर्यंत आई माझा हात इतका घट्ट धरायची की नखं रुतायची.

तिची पाळी आली. दोन श्वास घेतले, मास्क जरासा वर केला.

‘‘सावलीत बसव रे मला. तुझा काही भरवसा नाही.’’

‘‘मास्क लाव आधी, आई.’’

खिडकीतून ऊन बाकाकडे सरकत होतं. बाक हलवायला जागा नव्हती. मी खिडकीला पाठ लावून उभा राहिलो, आणि ऊन सरकेल तसा सरकत राहिलो.