जोडी म्हणजे दांपत्य नव्हे

वसुमतीबाईंनी उभी हयात कॉलेजात फ्रेंच शिकवण्यात घालवली. चुकीचा शब्द कानावर पडला की त्यांच्या कपाळाला आठी पडते, मग बोलणारा कितीही मोठा असो. घराणं पिढ्यान्पिढ्या बंगळुरातलं. लग्न केलं नाही, के. आर. पुरमच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात आणि मजेत राहतात. अख्खी इमारत त्यांना अक्का म्हणते.

मराठी मंडळात मात्र त्यांची किंमत सूत्रसंचालनापुरती. तिथे बायकांनी पोळ्या लाटायच्या, रांगोळ्या काढायच्या आणि ठराव पुरुषांनी करायचे. इतकी वर्षं हे असंच बिनबोभाट चाललं होतं, आणि कुणाला त्याची लाजही वाटत नव्हती.

यंदा मंडळाची घटना बदलायची ठरली. इंदिरानगरवालेच सगळं ठरवतात, अशी व्हाइटफील्डवाल्यांची ओरड होती. अध्यक्ष पद्माकर, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, यांनी सूचना मागवल्या. वसुमतीबाईंनी उठून फ्रान्समधल्या कँटनची पद्धत सांगितली.

"कँटन म्हणजे आपलं कँटोन्मेंटच ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"नव्हे. छावणीशी काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. कँटन म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेसाठी काही गावांचा मिळून केलेला एक मतदारसंघ. राज्यक्रांतीनंतर लगेच आखलेला. दोनशे वर्षांत कुठे शहरं फुगली, कुठे खेडी ओस पडली, पण रेषा बऱ्याचशा जुन्याच. एका कँटनात मूठभर माणसं, दुसऱ्यात गर्दी, आणि निवडून बहुतेक पुरुषच येणार. शेवटी २०१५ च्या निवडणुकीपासून लोकसंख्या साधारण सारखी येईल अशा बेताने रेषा नव्याने आखल्या, कँटनांची संख्या जवळजवळ निम्मी केली, आणि प्रत्येक कँटनातून एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी एकत्र निवडायची ठरली. दोघांनाही सारखाच अधिकार.

टाळ्या पडल्या. शहराचे विभाग पाडून मंडळाच्या समितीवर अशाच जोड्या निवडायची सूचना एकमताने मंजूर झाली. बाईंनी त्याच संध्याकाळी गिरीधरला गाठलं. गिरीधर त्यांच्याच इमारतीतला, चिकपेटेत कापडाचं दुकान चालवणारा सरळ माणूस. आपल्या विभागातून दोघांनी उभं राहायचं, असं ठरलं. "सरी अक्का, चालेल," तो म्हणाला, "तुम्ही बोला, मी स्वल्प धावपळ करतो."

आठवड्याभराने मंडळाच्या ग्रुपवर सूचना आली : प्रत्येक विभागातून एक जोडी. इच्छुक दांपत्यांनी नावे द्यावीत.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तडक पद्माकरांना फोन लावला.

"दांपत्य कुठून आलं मध्येच?"

"अहो मॅडम, जोडी म्हणजे जोडीच ना! आणि प्रॅक्टिकली बघा, मिस्टर मीटिंगला आले की मिसेसही येणारच. तुम्ही ॲडव्हायझर म्हणून राहा की."

म्हणजे कल्पना बाईंची, आणि तिच्यातून बाहेर काढलेल्या पहिल्या बाई त्याच! वर सल्लागारपदाचा तुकडा. बायकांना समितीत घेतल्याचं पुण्यही पदरात पाडायचं आणि खुर्च्या घरातल्या घरात ठेवायच्या, असा हा सोयीस्कर समज. या लबाडीला अज्ञान म्हणणंसुद्धा जिवावर येतं.

सभेच्या दिवशी व्यासपीठावर जोडखुर्च्या मांडल्या होत्या. पद्माकर बिनविरोध निवडून आलेल्या एकेका दांपत्याला पुकारत होते. श्री. व सौ. अमुक, श्री. व सौ. तमुक. एकाही बाईला नाव नव्हतं. माईक नवऱ्यांच्या हाती जात होता आणि बायका शेजारी बसून हसत होत्या. वसुमतीबाई तिसऱ्या रांगेत मुठी आवळून बसल्या होत्या.

"के. आर. पुरम विभाग : श्री. व सौ. गिरीधर!"

गिरीधर गोंधळून उभा राहिला. त्याने नाव दिलं होतं ते अक्कांच्या जोडीने; बायकोचं पद्माकरांनी आपणहून जोडलं होतं. त्याची बायकोही उठली.

"माझं नाव विद्या," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही. आणि यांच्या शेजारी मी घरी बसते तेवढं पुष्कळ झालं. इथे अक्का बसणार."

हशा पिकला. पद्माकरांचा चेहरा उतरला. "अहो, पण ते दोघे... जोडी नाहीत ना! नियमात बसत नाही. ही जागा रिकामी राहील."

वसुमतीबाई उठल्या, पायऱ्या चढल्या आणि के. आर. पुरमच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मागोमाग गिरीधर आला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसला.

"मॅडम, ती खुर्ची दांपत्यांसाठी आहे," पद्माकर माईकवरूनच म्हणाले.

"मग उठवा मला," बाई म्हणाल्या.

पद्माकरांनी समितीकडे पाहिलं, समितीने सभागृहाकडे पाहिलं. उठवायला कुणीही पुढे आलं नाही.