धाडच्या दुकानातली काळी खिडकी

थांबा, बाकीचं सगळं बाजूले ठेवा, हे मले आत्ताच सांगायचं आहे. थोड्या वेळापूर्वी आत्याचा फोन आला, का ती यंदाचं कपाशीचं बियाणं आणायले निघाली. अन् मले ते सगळं असं डोळ्यासमोर आलं का हातातलं काम सोडून मी टाईप करत बसली. चुका झाल्या तं सांभाळून घ्या, बोटं डोक्याच्या पुढं पळून राह्यली.

तेव्हा मी कॉलेज संपवून बुलढाण्यात एका ऑफिसात लागली होती. ऑफिस म्हणजे एका दुकानावरची खोली. त्यात सर, मी, अन् कोपऱ्यात एक सर्व्हर, त्याच्यावर सरांचा डबा ठेवलेला. त्या वर्षांत बीटीच्या, म्हणजे बोंडअळी न लागणाऱ्या कपाशीच्या, बियाण्याची अशी बोंब होती का पाकीट मिळालं तरी ते खरं का बोगस, हे कोणालेच सांगता येत नव्हतं. छपाई तीच, सील तेच. बोगस निघालं तं झाड मस्त हिरवंगार वाढते, अन् मग बोंडं अळी खाऊन टाकते. कळते तेव्हा हंगाम हातचा गेलेला असते.

म्हणून बियाणं विकणाऱ्या काही दुकानदारांनी मिळून सरांकडून एक सोय करून घेतली. खऱ्या पाकिटांचे नंबर आमच्या सर्व्हरमधे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर जावाचा एक छोटा प्रोग्राम. गिऱ्हाईकासमोर पाकिटावरचा नंबर टाकायचा, प्रोग्राम फोनच्या लाईनवरून बुलढाण्याले विचारणार, अन् पडद्यावर येणार, ‘अस्सल’ नाही तं ‘असा नंबर नाही’.

याले रिमोट कॉल म्हणतात, अन् मले त्याचं लय कौतुक होतं. धाड गावातल्या दुकानात बसून तुम्ही बुलढाण्याच्या मशीनमधलं काम असं बोलावता, जसं ते शेजारच्या खोलीत आहे. दुकानातला प्रोग्राम म्हणजे नुसतं तोंड, डोकं आमच्याकडे. जो भेटेल त्याले मी हे सांगायची, एसटीत बाजूले बसलेल्या बाईलेही. त्यातली एक गोष्ट मात्र माह्या तेव्हा ध्यानात आली नव्हती. विचारणाऱ्याले हे कधीच दिसत नाही का उत्तर नेमकं कोणी दिलं.

आत्याचं गाव धाडपासून जवळ. शेत ती एकटीच पाहते. तिचा ना दुकानदारावर भरोसा, ना कंपनीवर, ना माह्या कॉम्प्युटरवर. पण मी मागं लागली म्हणून त्या वर्षी तिनं धाडच्या दुकानातून बियाणं घेतलं, तिथल्या दुकानदाराले सगळे चाचा म्हणतात, कारण तिथं आमचा प्रोग्राम होता.

एका दुपारी ऑफिसात लाईट गेली. भारनियमन. सर बाहेर गेलेले. सर्व्हरखालची बॅटरी थोडा वेळ पी-पी करून गप झाली अन् सर्व्हर बंद पडला. मी वहीनं वारा घेत बसली होती. तेवढ्यात फोन. चाचांच्या दुकानातून आत्या बोलत होती. म्हणाली, घेतलं बाई बियाणं, तुह्या मशीननं सगळे पाकिटं अस्सल सांगितले, आता खुश ना?

मी म्हटलं, कधी तपासले?

“कधी म्हणजे? आत्ता. माह्या डोळ्यासमोर. शेवटलं पाकीट अजून हातातच आहे.”

मी कोपऱ्यात पाह्यलं. सर्व्हर काळाठिक्कर. त्यावर सरांचा डबा.

बुलढाण्याचं मशीन मेलेलं, अन् धाडले उत्तर येऊन राह्यलं. मग देऊन कोण राह्यलं? मी आवाज बारीक केला, का चाचांनी ऐकू नये, अन् म्हटलं, आत्या, हे बियाणं लावू नको. ती भडकली. उद्याच्या बाया सांगितल्या होत्या तिनं बी टोबायले, म्हणजे हातानं मातीत लावायले, वावरात वापसा चांगला होता, तो काही माह्यासाठी थांबणार नव्हता. लावलं अन् बोगस निघालं तं तिचं वर्ष गेलं. नाही लावलं अन् ओल उडाली तरी तेच. “तूच म्हणे मशीन, तूच म्हणे थांब. एक काहीतरी सांग बे,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. पण ती दुकानातून हलली नाही, हे मले नंतर कळलं. पाकिटांची थैली मांडीवर घेऊन तिथंच बाकड्यावर बसून राह्यली.

मी धावत स्टँडवर गेली अन् जी जीप पहिली निघाली तिच्यात बसली. रस्ताभर डोक्यात चाचाच. मले आता सगळं जुळून राह्यलं होतं. त्यांचा मॉनिटर नेहमी भिंतीकडे तोंड करून काऊन असते? अन् मोताळा गावातल्या तसल्याच दुकानाचे कॉल मी सर्व्हरवर रोज पाहायची, धाडचा एकही कधी दिसला नव्हता. सरांले विचारलं होतं तं ते म्हणाले होते, चाचा आळशी आहेत, वापरत नसतील. चाचांनी प्रोग्रामच बदलून घेतला असंल कोणाकडून, असं मी पक्कं धरलं. शहरातला कोणी भाचा असंल कॉम्प्युटरवाला. जीप धाडले पोचेपर्यंत त्या भाच्याचा चेहराही मी मनात तयार केला होता.

दुकानात गेली तं चाचा हसले. म्हणाले, “आओ मॅडम, आज चेकिंगले का?” अन् चहा सांगितला. मले तो चहाही संशयाचा वाटला. आत्या माह्याकडे पाहेना.

मी म्हटलं, चाचा, मॉनिटर इकडं फिरवा. त्यांनी फिरवला. भिंतीकडे काऊन होता, विचारलं, तं म्हणे दुपारचं ऊन पडते काचेवर. आता तेव्हा ऊन खरंच त्याच्यावरच पडलं होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

मी नंबरच्या जागी माह्या मोबाईलचा नंबर टाकला. अस्सल. नुसते शून्य टाकले. अस्सल. दारातल्या चाचांच्या मोटरसायकलचा नंबर टाकला. अस्सल.

दोन गिऱ्हाईकं होते, तेही काउंटरवर वाकून पाहू लागले. एक जण म्हणाला, “चाचा, गाडी पेरता का आता?” पण हसलं कोणीच नाही. चाचांचा चेहरा असा उतरला का मले एक क्षण वाटलं, पकडले गेले.

“बेटा, हे तं तुह्या सरांनीच बसवलं,” ते म्हणाले. “मी कशालेच हात लावला नाही. सांगितलं तेवढंच करतो. पहिले काळी खिडकी, मग तुमचा प्रोग्राम.”

कोणती काळी खिडकी? मी विचारलं.

त्यांनी दाखवली. पडद्यावर, प्रोग्रामच्या मागं, खाली दडवून ठेवलेली एक काळी खिडकी चालू होती. सर पहिल्यांदा बसवायले आले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, आधी ही उघडा, नाही तं प्रोग्राम चालत नाही, अन् हिले बंद करू नका. तेव्हापासून चाचा रोज सकाळी दुकान झाडायचे, लोबान लावायचे, धूर सगळीकडे फिरवायचे, मग कॉम्प्युटर लावून काळी खिडकी उघडायचे. लाईट जाऊन आली का परत तीच उघडायची. एक दिवस चुकवला नव्हता. गावाले गेले तं बायकोले करायले लावायचे. ते सांगून राह्यले अन् मले ती खिडकी ओळखू आली, सर ऑफिसात प्रोग्राम तपासायले अशीच उघडायचे.

तो एक नकली सर्व्हर होता. चाचांनीच सांगितलं, बसवायच्या दिवशी धाडले लाईनच आली नव्हती. म्हणून सरांनी दाखवण्यापुरता दुकानाच्याच मशीनवर एक खोटा सर्व्हर चालवला, जो कोणत्याही प्रश्नाले ‘अस्सल’ म्हणते, अन् प्रोग्रामले पत्ता दिला त्याच मशीनचा. लाईन आल्यावर पत्ता बुलढाण्याचा करायचा होता. कोणी केलाच नाही. मग धाडचा प्रोग्राम इतके दिवस स्वतःलेच विचारत होता, अन् स्वतःच हो म्हणत होता.

मी सरांले फोन लावला. ते म्हणाले, अगं राहून गेलं असंल, तू बदलून टाक, अन् तिथं फार बोलू नको. ते ‘फार बोलू नको’ मले आवडलं नाही. आजही आवडत नाही. धाडचे कॉल येत नाहीत हे त्यांले माहीत होतं, मीच तं सांगितलं होतं. मग चाचा आळशी आहेत हे त्यांनी काऊन म्हणावं?

मी काळी खिडकी बंद केली. चाचा म्हणाले, “अरे अरे,” जसं काही मी दिवा विझवला. मग प्रोग्रामातला पत्ता बदलून बुलढाण्याचा केला अन् तिकडची लाईट यायची वाट पाहत बसली. आत्या तेव्हा पहिल्यांदा बोलली, चाचांले म्हणाली, “तुम्हाले ठाऊक नव्हतं म्हणता?” चाचांनी नाही म्हणून मान हलवली. मले त्या मान हलवण्यावर भरोसा ठेवावा का नाही, समजत नव्हतं. त्यांचंच दुकान, त्यांचाच फायदा. पण तो माणूस घामानं भिजला होता.

लाईट आली. सरांनी सर्व्हर लावला. मी पहिले माह्या मोबाईलचा नंबर टाकला. ‘असा नंबर नाही.’ पडद्यावरचं ‘नाही’ वाचून इतकं बरं मले कधीच वाटलं नव्हतं.

मग आत्यानं थैलीतून एकेक पाकीट काढून दिलं. अस्सल. अस्सल. अस्सल. या खेपेस उत्तर यायले थोडा वेळ लागे. शेवटले दोन पाकिटं ‘नाही’ निघाले. मी परत टाकले. परत ‘नाही’.

चाचांनी ते दोन उचलले, उलटेसुलटे केले, बाकीच्यांशेजारी धरले. काहीच फरक नव्हता. म्हणाले, हे त्या नव्या खोक्यातले, टंचाईत एक एजंट देऊन गेला होता. आत्याले दुसऱ्या खोक्यातले पाकिटं काढून दिले, तिनं ते आधी तपासायले लावले, मग घेतले. अन् मग चाचा खुर्चीवर बसले अन् फोन करू लागले. त्या खोक्यातलं ज्याले ज्याले दिलं होतं, त्याले एकेकाले. लावलं का? लावू नको, घेऊन ये, मशीन चुकलं होतं. एका फोनवर ते मधेच थांबले अन् फक्त “कधी?” एवढंच विचारलं. त्यानं कालच लावलं होतं.

मले तेव्हा चाचांचा भाचा आठवला, जो कधी नव्हताच, अन् मी चहा पिला, थंड झालेला.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या बाया आल्या अन् बियाणं लागलं. ज्यानं आधीच लावलं होतं, त्यानं त्या तुकड्यात वखर घातला अन् उडीद पेरला. तो चाचांशी बोलत नाही. माह्याशीही नाही. सरांच्या ऑफिसात मी अजून थोडे दिवस होती, पण त्यांच्या तोंडून ‘झालं आहे’ असं ऐकलं का मी स्वतः उठून पाहून यायची. त्यांले ते आवडायचं नाही. मग मी सोडलं ते काम.

अन् आज आत्या फोनवर विचारत होती, यंदा कुठून घेऊ? मी म्हटलं, सांगते थोड्या वेळात. तुमच्यासोबत कधी झालं काय असं, का समोरून पटकन ‘हो’ आलं, तुम्ही निघाले, अन् मग कळलं का विचारायचं त्याच्यापर्यंत तुमचा प्रश्न पोचलाच नव्हता? झालं असंल तं लिहा मले, अन् हेही लिहा, का मग तुम्ही भरोसा ठेवला कोणावर?