जिन्यात बसलेली मैफल

आत्याने आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडली आणि निवृत्त झाल्यावर भाचीच्या गाण्याची फाडायला घेतली. लोक हसले. हसू देत बापडे! गाणारीचा बाप, म्हणजे आत्याचा सख्खा धाकटा भाऊ, पहिल्याच कार्यक्रमाला तसाच आत शिरायला लागला तेव्हा हिने दारात हात आडवा धरला. "काय रे, तिकीट?" तो फुगला, पण पाकीट काढलंन.

भाचीला घरात सगळे भोंगा म्हणायचे. तान्ही असताना रडायला लागली की शेजारी दारं लावून घ्यायचे. मोठेपणी तीच पोर स्वतःची गाणी रचून गिटारवर गायला लागली आणि शेजारी दारं उघडी ठेवायला लागले. पण "वा वा" ऐकून विजेचं बिल भरता येत नाही हो! त्यात ही भिडस्त. पैसे किती असं कुणी विचारलं की म्हणायची, "द्या काहीतरी." ते ऐकलं की आत्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "भाजीवाली म्हणते का गं, द्या काहीतरी?"

मग आत्यानेच पदर खोचला. लोकांच्या बैठकीच्या खोलीत गाणं, माणशी तिकीट. कुणाच्या लग्नाचा वाढदिवस असेल तर त्या जोडप्यावर खास गाणं, अर्धे पैसे आधी. सकाळी शिकवणी. एका साबणवाल्याला जाहिरातीसाठी चार ओळी दिल्या, त्याही वर्षभराच्या भाड्याने. "ओळी तुझ्या, त्याने वापराव्यात आणि परत द्याव्यात," आत्या म्हणाली. आणि ज्यांना गाणं फारच आवडायचं त्यांना महिन्याच्या वर्गणीत एक नवं गाणं, सगळ्या जगाच्या आधी, थेट फोनवर. एकेक रक्कम म्हणजे चिल्लरच. पण चिल्लर कशी सांभाळायची हे कंडक्टरला कुणी शिकवायला नको.

असं बरं चाललं असताना गाण्यांच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस घरी आला. गोड बोलणारा, बूट चकाचक. म्हणाला, एकरकमी पैसे देतो, अल्बम आम्ही काढतो, मात्र आजवरची आणि पुढच्या सात वर्षांची सगळी गाणी कंपनीची. रक्कम ऐकून भावाचे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. आत्याला मात्र घास गोड लागेना. अल्बम स्वतःच काढायचा, त्यासाठी स्टुडिओचे पैसे साठवायचे, असं दोघींनी ठरवलं होतं. थोडेच कमी पडत होते.

"रविवारच्या कार्यक्रमात तेवढे जमले तर तुमचं खरं," भाऊ शेवटी म्हणाला. "नाही जमले तर मुकाट्याने सही. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, ताई. तुझी हौस फिरवायला ती काही बस नाही."

हे शब्द आत्याला फार लागले. तिने दिवसभर फोनवर फोन लावले आणि तिकिटं विकत सुटली. रविवारचं गाणं तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या घरी होतं. खोलीत चाळीस माणसं दाटीवाटीने मावली असती. आत्याने विकली त्याच्या दुपटीहून जास्त! तिच्या हिशोबात काही चूकच नव्हती. इतके बसलेले, तितके उभे, थोडं पुढे सरका, झालं. उभा प्रवासी म्हणजेही प्रवासीच, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. दोन तास उभं राहून गाणं कोण ऐकेल, हा विचार तिच्या मनाला शिवलाच नाही.

रविवारी दुपारी खोली भरली, पॅसेज भरला, आणि उरलेली माणसं जिन्यात एकमेकांकडे बघत उभी राहिली. "बाई, हे घर आहे माझं!" डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. खालून एक जण ओरडला, "पैसे परत करा!" दुसऱ्याने री ओढली. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. पैसे परत म्हणजे सही, आणि सही म्हणजे पोरीची गाणी गेली. 

भोंगाने गिटार उचलली, गर्दीतून वाट काढली आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर जाऊन उभी राहिली. "आत्या, खोलीतल्यांनाही बाहेर आण. सगळ्यांना पायऱ्यांवर बसव."

एवढं ऐकायचा अवकाश! "चला, भिंतीकडे सरका! आजोबा, तुम्ही कठड्याला धरून बसा!" आत्याचा जुना आवाज पाचही मजल्यांवर घुमला. माणसं वर बसली, खाली बसली. माईक नाही, काही नाही. पण भोंगाच तो. त्या जिन्यात आवाज असा काही भरला की वरखालचे शेजारी दारं उघडून उंबऱ्यात बसले, आणि गाणं संपल्यावर स्वतःहून तिकीट मागायला लागले. पैसे परत मागणारा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता, मेला!

सहीच्या आशेने आलेला कंपनीचा माणूसही पायरीवर रुमाल टाकून बसला होता. सगळे पांगल्यावर तो पुढे आला. "मी रक्कम वाढवून देतो."

"एक विचारू?" भोंगा म्हणाली. "सही केल्यावर मला परत असं जिन्यात गायचं झालं, तर?"

"कंपनीला विचारायचं. लगेच परवानगी मिळेल."

"मग नको."

एवढंच. ना आवाज चढवला, ना भिडेपोटी हसली. "द्या काहीतरी" म्हणणारी ती हीच पोर! आत्याने भावाकडे पाहिलं. तो खाली मान घालून स्टुडिओपुरते पैसे झालेत का ते मोजत होता. झाले होते. "ताई, चुकलो मी," तो म्हणाला.

अल्बम निघाला. सीडींची खोकी भावानेच खांद्यावरून आणली. भोंगाने एक सीडी उलटी करून आत्याच्या हातात दिली. आत्याने चष्मा लावून वाचलं. गीत, संगीत, गायन, तिन्हीपुढे भोंगा. आणि सगळ्यात खाली, कंपनीचं नाव छापतात तिथे, 'कंडक्टर आत्या'.

"अगं, हे काय! मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कंपनी कोणती, असं छापणाऱ्याने विचारलं," भोंगा म्हणाली. "जी होती ती सांगितली."

आत्याने भाचीला जवळ ओढलं आणि भाऊ बघतोय याची पर्वा न करता मनसोक्त रडली.