काचेला कागद, आप्पांच्या नाकाला रुमाल

आज भांडून आले आहे, म्हणून सरळ लिहिते.

माझे आप्पा पालमला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. दुपारी डबा द्यायला गेले, तर गॅरेजचं शटर अर्ध्याच्या खाली ओढलेलं आणि आत रंगाचा फवारा चालू. आप्पा खोकत होते. नाकावर फक्त ओला रुमाल. गाडीच्या काचांना आणि दिव्यांना मात्र रंग उडू नये म्हणून कागद, टेप अगदी नीट लावलेले.

मी शटर पूर्ण वर केलं. गाडीचे मालक वास सहन होत नाही म्हणून बाहेर खुर्चीवर बसले होते. ते ओरडले, "ओ ताई, धूळ बसंल ना रंगावर!"

"आणि ह्यांच्या छातीत काय बसायलंय?"

आप्पा माझ्यावरच चिडले. "शिकलीस म्हणून लय शहाणी झालीस का? बॉनेट परत घासावं लागंल आता. काम झाल्यावर गूळ खातो की मी, छाती साफ होती."

"गूळ पोटात जातो, आप्पा!"

मी रंगात मिसळायच्या हार्डनरचा डबा उचलला आणि आप्पांना मराठीत वाचून दाखवला. बारीक अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं होतं: फवारा श्वासात गेल्यास दमा होऊ शकतो, योग्य श्वसन-मास्क वापरा. इतकी वर्षं हा डबा आमच्याकडे येतो. घरात तो वाचता येणारी मी एकटी, आणि मीही आजच वाचला.

आप्पांनी हातातला फवारा खाली ठेवला. मग म्हणाले, "अजून काय लिहिलंय? वाच बरं."

गाडी रंगवून घेताना रंग सगळेच बघतात. रंगवणाऱ्याच्या नाकावर काय आहे, ते तुम्ही कधी बघितलंत का?