कंबरेचा पट्टा
वेल्क्रोच्या पट्ट्यात मुरलेल्या घामाचा आंबूस वास मला आजही लगेच ओळखू येतो. काही वर्षांपूर्वी बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगवरच्या बायकांच्या अंगाला हालचाल टिपणारे सेन्सर बांधायचं काम माझ्याकडे होतं. मासवणहून येणाऱ्या एका बाईच्या कंबरेला सेन्सरचा ओलसर पट्टा आवळताना मी म्हटलं, "मावशी, तुमची कंबर दुखू नये म्हणून आहे हे." मलाही तसंच सांगितलं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिच्या जागी काड्यांची एक बाहुली खोकी उचलू लागली. दर खोक्यानंतर बाई कंबरेवर हात ठेवून क्षणभर ताठ व्हायची आणि बाहुली लाल व्हायची. "देखो, फालतू टाइम," वेफर्स चघळत साहेब म्हणाले, "ये निकालो, तो लाइन से एक औरत कम." बाईने ते ऐकलं. "सायब, फालतू नाय ओ, कंबर धरते माजी." साहेब बोटांवरचं मीठ चाटत राहिले आणि मी बाहुली किती वेळा लाल झाली ते मोजलं. पट्टा परत देताना तिने तो पदराने पुसला. "वास येतोय बाय, तुमाला किळस येल." काल पालघरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने माझ्या कंबरेला तसाच पट्टा बांधला. "काकू, तुमच्या कंबरेसाठीच आहे," ती म्हणाली. पट्टा कोरा होता. वास तरीही आला.