बुबुळावरच्या चिरा

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नागपुरात इतवारीकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. मिरचीच्या गोदामात देठ खुडणारी एक विधवा बाई तरण्या मुलाचा हात धरून आली. खुडून खुडून तिच्या बोटांची सालं निघाली होती. त्याच बोटांच्या जोरावर तिने पोराला बी.ए. केलं होतं. घराण्यातला पहिला. मीही आमच्या घरातला पहिलाच पदवीधर, त्यामुळे तिचा ताठा मला आवडला. मुलगा फौजदारकीची लेखी परीक्षा पास झाला होता, डॉक्टरी तपासणी बाकी होती. आणि आता डावा डोळा सुजून बंद.

नळावरच्या भांडणाचा राग धरून शेजारच्या हमालाने पोराच्या डोळ्यात तिखट टाकलं, अशी तिची फिर्याद. मी गुन्हा नोंदवला, मुलाला सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि हमालाला आणून कोठडीत टाकलं. तो म्हणाला, "साहेब, दिवसभर मिरचीचीच पोती वाहून राहिलो मी. घरी येऊन अजून कोणाच्या डोळ्यात टाकू?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. तिखटाने डोळा लाल होतो, बुबुळावर सरळ रेघा उमटत नाहीत, असं ते म्हणाले. दोन्ही बुबुळांवर सायकलच्या आऱ्यांसारख्या बारीक चिरा होत्या. डावीकडची चीर चिघळून पू धरला होता. नेमकं काय झालं ते पोरगा सांगत नव्हता, आणि उपचाराला उशीर झाला तर डोळा जाणार होता.

मी वॉर्डात गेलो. आईला चहा आणायला पाठवलं आणि खाटेवर बसलो. दमदाटी केली नाही. एवढंच म्हणालो, "तो हमाल उद्या कोर्टात उभा राहील. तुझा डोळाही जाईल. बोल."

त्याने आधी दाराकडे पाहिलं.

"चष्मा असला तर मले घेत नाहीत न, साहेब. एका खासगी डॉक्टरनं ब्लेडनं चिरा देऊन नंबर काढला. मग डोळा दुखाले लागला. मायले वाटलं हमालानं तिखट टाकलं. मी नाही म्हटलं नाही."

लेझर पुढे आलं. तेव्हा हे काम ब्लेडनेच होत असे. आणि मिरचीच्या घरात डोळ्याला पाणी आलं तर कोण कशाला विचारणार?

"हे कागदावर येईन काय?" त्याने विचारलं.

"येईल."

नोकरी गेली, हे त्याला कळलं. "मग लिहा," तो म्हणाला.

आई चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती तशीच ठाण्यात गेली आणि कोठडीसमोर हात जोडून म्हणाली, "भाऊ, चूक झाली माही."

"पहिले पोराजवळ जाय वं बाई," हमाल म्हणाला.

गैरसमजातून दिलेली फिर्याद, असा अहवाल मी कोर्टाला पाठवला. फिर्यादी मनापासून खरं बोलत असतो आणि तरी गुन्हा घडलेलाच नसतो, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे मारहाणीच्या प्रकरणात डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मी कुणाला कोठडीत टाकलं नाही.

हमाल सुटला. मुलाच्या डाव्या बुबुळावर पांढरा डाग राहिला, पण दोन्ही डोळे वाचले. फौजदार तो झाला नाही. दोन वर्षांनी भिवापूरकडच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागला आणि आईचं गोदाम सुटलं.