आमिषाचा कागद

राजापेठेतल्या त्या क्लासच्या स्टाफरूममध्ये माझी बॅग टेबलावर उपडी करण्यात आली. डबा, खडू, विच्छेदनाची पेटी, सॅनिटरी पॅडचे पाकीट आणि ख्रिस्ती शुभवर्तमानाचे लहानसे काळे पुस्तक. पाच पुरुष बघत होते. काचेपलीकडे बारावीच्या मुली.

मी तिथे जीवशास्त्र शिकवत होते. एका विद्यार्थिनीने ते पुस्तक माझ्याजवळ पाहिले आणि घरी सांगितले. तिचे वडील सकाळीच संचालकांना भेटून गेले होते.

संचालकांनी पुस्तक दोन बोटांत धरले, मेलेला उंदीर धरावा तसे.

"मॅडम, एमेस्सी झाल्या तुमी. काय भेटलं याच्यात? फॉरेनची नोकरी?"

"काही नाही, सर. मला पटलं."

"पटलं म्हणते!" रसायनशास्त्राचे सर हसले. "आता पोरी पेपर प्रार्थनेनंच सोडवतीन."

संचालक हसले नाहीत. ते शांतपणे बोलले, आणि ते अधिक वाईट होते. "तुमच्या आजानं एकदा बदलला. आता तुमी. तुमच्या लोकांले धर्म म्हणजे भाड्याची खोली वाटते का?"

तुमच्या लोकांले. निकालाच्या जाहिरातीत या क्लासने माझा फोटो छापला होता. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांनी कधी उच्चारले नव्हते. विसरलेही नव्हते.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक नाव आणि गाव होते. त्या नावाचा कागद तासाभरात टाइप होऊन आला : अकोल्याच्या सुशीलाबाईंनी आमिष दाखवून माझी फसवणूक केली. सोमवारी सही करून आणायची. सही केली तर माझी नोकरी शाबूत आणि तक्रार त्या म्हाताऱ्या बाईवर. नाही केली तर मी विद्यार्थिनींना फूस लावते, अशी तक्रार माझ्यावर.

सुशीलामावशी निवृत्त परिचारिका. एमेस्सीला अकोल्यात असताना मी तिच्या घरी राहत होते. पुस्तक तिच्या फळीवरून मी स्वतः उचलले, चुका काढण्यासाठी. "मावशी, हे खरं कशावरून?" मी विचारले. ती भाकरी थापत होती. "मले कायले विचारतं वं? तू शिकेल हायेस. वाच, अन् तूच सांग मले." एवढेच तिचे आमिष.

मी वाचले. प्रयोगवहीत सगळी निरीक्षणे सुबक जुळली की आम्हाला शंका येते. खाडाखोड असली की विश्वास बसतो. इथे खाडाखोडच होती. सर्वांत जवळचा शिष्य एका मोलकरणीच्या प्रश्नाला घाबरतो आणि गुरूला ओळखतच नाही म्हणतो. त्या गुरूची रिकामी कबर प्रथम पाहतात त्या बायका, ज्यांच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती. स्वतःचा पंथ वाढवायला बसलेला माणूस हे लिहीत नाही, पुसून टाकतो. बारा वर्षे रक्तस्राव होणारी एक बाई गर्दीत त्या गुरूच्या वस्त्राला शिवते. तो विटाळ मानत नाही, सर्वांदेखत तिला मुलगी म्हणतो. ज्यांच्या आजीला विहिरीपासून दूर उभे केले, त्यांनी हे वाचून थांबू नये तर काय करावे? आणि शेवटचे कारण माझे एकटीचे. पाचवीपासून माझी किंमत गुणपत्रिकेने ठरली. निकाल लागण्याआधीच कुणी मला आपले म्हणेल, ही कल्पना मला कुठल्याही सूत्रातून काढता आली नसती. हे प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही, मला ठाऊक आहे. पण जे सिद्ध होत नाही ते सगळे खोटे, असे विज्ञानाने मला कधी शिकवले नाही.

शनिवारी घरी जाताना चांदूर बाजारच्या बसमध्ये फोन वाजत राहिला. अनोळखी नंबर. कुणीतरी माझा फोटो एका ग्रुपवर टाकला होता : हिला ओळखून ठेवा. मी स्वतःची नाडी मोजली. एकशे बारा. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळला, तेव्हा मी ओढणीने तोंड झाकले. तो फक्त खिडकी लावत होता.

घरी आई कागद वाचून रडली. "करून टाक वं माय सही. एक कागदच तं हाय."

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मले तुयं पटलं नाई. देव आपल्या घरात कोणी मानत नाई, मीबी मानणार नाई. पण तुया आज्यानं दीक्षा घेतली, तवाबी गावानं असंच म्हटलं, याहीले कोणीतरी फसवलं. जसं काई आमाले डोकंच नाई."

"मग मी काय करू, बाबा?"

"ते मी काहून सांगू? डोकं तुयं हाय."

सोमवारी मी संचालकांपुढे माझ्या अक्षरातला कागद ठेवला. मला कुणीही आमिष दाखवलेले नाही. पुस्तक मी स्वतः घेतले, तीन वर्षे तपासले, आणि मला ते खरे वाटते. अक्षर वाकडे आले होते.

"मंग भोगा, मॅडम," ते म्हणाले.

भोगते आहे. नोकरी गेली. दुसऱ्या दोन क्लासनी नकार दिला. पोलीस ठाण्यातून एकदा बोलावणे आले, जबाब दिला, पुन्हा येईल. गाडी लावताना मी अजूनही मागे पाहते. बाप्तिस्मा मी याच भीतीने पुढे ढकलत होते. आता ढकलणार नाही. धर्मांतराचे जे अर्ज भरावे लागतील ते माझ्या नावाने भरीन, आणि 'कारण' या रकान्यात माझीच कारणे लिहीन. भीती कमी होण्याची वाट मी पाहणार नाही.